सेल्युलाइट : समज, गैरसमज आणि इलाजांचा बाजार

वयात आलेल्या शंभर स्त्रियांपैकी ऐंशी ते नव्वद जणींच्या मांड्यांवर व नितंबांवर, आणि क्वचित पोटावर किंवा दंडांवर, जी उंचसखल, लहान-लहान खळगे पडलेली त्वचा कमीअधिक प्रमाणात आढळते, तिला वैद्यकीय व्यवहारात सेल्युलाइट म्हणतात. आणि जी गोष्ट शंभरांतल्या ऐंशी-नव्वद जणींच्या ठायी सापडते तिला विकार म्हणावे की स्त्रीदेहाच्या रचनेचा एक स्वाभाविक विशेष म्हणावे, हा प्रश्न इलाजाची चौकशी करण्याच्या आधीच विचारला गेला पाहिजे. प्रत्यक्षात होते ते उलट. मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावापर्यंत सौंदर्योपचारांची दालने उघडली आहेत, लग्न ठरलेल्या मुली आणि बाळंतपणातून उठलेल्या स्त्रिया तेथे संकोचाने येतात, आणि त्यांच्या हाती सर्वांत आधी पडते ते दरपत्रक. शरीराची हकीकत त्यांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून ती येथे सांगावयाची आहे.

हा ‘दोष’ पुरातन आहे, असे मानण्याचे कारण नाही. त्वचेवरचे खळगे पुरातन खरे, पण त्यांना लाज मानण्याची रीत अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील काही वैद्यांनी आणि त्यांच्या मागोमाग तेथील सौंदर्यगृहांनी ही कल्पना रुजविली. 1968 साली ‘व्होग’ या नियतकालिकाने ती अमेरिकन वाचकांपुढे मांडली. आणि 1973 साली न्यूयॉर्कमध्ये सौंदर्यगृह चालविणाऱ्या निकोल रोन्सार यांच्या पुस्तकाने ती घरोघर पोहोचविली. या साऱ्या मजकुराचा सूर असा होता की ही चरबी साध्या चरबीहून निराळी आहे, तिच्यात शरीरातील विषारी द्रव्ये व पाणी साचून राहते, आणि विशेष उपचारांवाचून ती हटत नाही. पुढे पाचच वर्षांनी, 1978 साली, न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी त्वचेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच त्यांनी सेल्युलाइटला ‘कल्पिलेला रोग’ असे म्हटले. विषारी द्रव्यांच्या संचयाचा पुरावा त्यानंतरही कोणी पुढे आणलेला नाही. मात्र ती समजूत आजतागायत जाहिरातींत नांदते आहे, आणि तिच्या आधाराने काढे, पट्ट्या व ‘शुद्धी’चे कार्यक्रम विकले जातात.

या परीक्षणातून जे दिसून आले ते समजून घेतल्यावाचून कोणत्याही इलाजाची परीक्षा करता येत नाही. त्वचेच्या खाली चरबीचा थर असतो आणि त्या थरातून तंतूंचे पडदे त्वचेला खालच्या आवरणाशी बांधून ठेवतात. पुरुषांत हे पडदे बहुधा तिरपे, एकमेकांना छेदणारे असे विणलेले असतात, त्यामुळे चरबी जागच्या जागी राहते. स्त्रियांत ते बरेचसे उभे, त्वचेशी काटकोन करणारे असतात. कापसाच्या गादीला पिंजारी टाके मारतो तेव्हा टाक्याच्या जागी कापड खाली ओढले जाते आणि दोन टाक्यांमधला कापूस वर फुगतो, नेमके तसेच येथे घडते. एखाद्या स्त्रीने स्वतःच्या मांडीची त्वचा दोन्ही हातांनी हलकेच चिमटीत धरून जवळ आणली, तर उभी असताना न दिसणारे खळगेही तिला दिसतील. त्वचेखालचे बंध कोठे आहेत ते त्या खळग्यांवरून कळते. ज्या पुरुषांच्या शरीरात पुरुषी संप्रेरकांची जन्मतः उणीव असते, किंवा ज्यांना काही आजारांत स्त्री-संप्रेरके द्यावी लागतात, त्यांच्याही त्वचेवर अशा खळ्या पडतात. यावरून या रचनेचा संबंध आळसाशी किंवा अस्वच्छतेशी नसून संप्रेरकांशी व आनुवंशिकतेशी आहे, हे उघड होते.

म्हणूनच सेल्युलाइट म्हणजे लठ्ठपणा, हा समज टिकत नाही. सडपातळ, नित्य धावणाऱ्या स्त्रियांतही ते असते. वजन वाढल्यास ते अधिक ठळक होते, आणि वजन उतरल्यावर पुष्कळ जणींच्या बाबतीत फिकट होते. परंतु वजन एकदम फार उतरून त्वचा सैल पडली तर तेच खळगे अधिक उठून दिसू लागतात, ही गोष्टही अनुभवास आलेली आहे. व्यायामाने खालचा स्नायू भरला की वरची त्वचा काहीशी सपाट भासते, बंध मात्र तसेच राहतात. येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे: नावातील साम्यामुळे ज्याची याच्याशी गल्लत होते तो सेल्युलायटिस हा जंतुसंसर्ग अगदी वेगळा आहे. त्यात त्वचा लाल होते, तापते, सुजते, दुखते, ताप येतो. तो पसरल्यास जिवावर बेतू शकते, आणि त्यावर मालीश करीत बसणे म्हणजे धोका ओढवून घेणे होय. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

सर्वांत महागडा गैरसमज चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेविषयी, म्हणजे लायपोसक्शनविषयी आहे. युरोपात सत्तरीच्या दशकात फिशर पितापुत्रांनी आणि फ्रेंच शल्यचिकित्सक इलूझ यांनी ही पद्धत आकारास आणली, आणि पुढे जेफ्री क्लाइन यांनी भुलीचे औषध मिसळलेले विपुल द्रावण त्वचेखाली भरण्याची रीत काढून रक्तस्राव पुष्कळ कमी केला. या शस्त्रक्रियेचे प्रयोजन शरीराच्या एखाद्या भागाचा आकार बदलणे एवढेच आहे. नळीने खोलवरची चरबी निघते, त्वचेला खेचून धरणारे बंध जागच्या जागी राहतात, आणि ती नळी त्वचेच्या फार जवळून फिरली तर नवे खाचखळगे पडण्याचा संभव असतो. सबब, सेल्युलाइटसाठी लायपोसक्शन करून घेणे हा व्यवहार मुळातच चुकीच्या जागी केलेला आहे. तसेच त्याने मधुमेहाची किंवा हृदयविकाराची भीती टळते, असाही भ्रम पुष्कळांचा असतो. 2004 साली अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटातून प्रत्येकी सुमारे दहा किलो चरबी काढून नंतर त्यांची तपासणी करण्यात आली, तेव्हा इन्सुलिनचे कार्य, रक्तदाब आणि रक्तातील मेद यांत लक्षणीय सुधारणा आढळली नाही. शिवाय ही शस्त्रक्रियाच आहे. रक्तवाहिनीत गुठळी होणे, चरबीचे कण फुप्फुसात जाणे, जंतुसंसर्ग, हे धोके तिच्यात विरळ असले तरी खरे आहेत.

क्रीम आणि मालीश यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. कॅफीन असलेल्या मलमांनी त्वचा काही काळ घट्ट भासते. रेटिनॉल महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा किंचित जाड होऊन खळगे थोडे कमी दिसतात, पण गरोदरपणी ते टाळावे. यंत्राने किंवा हाताने केलेल्या मालिशीने त्या भागात थोडी सूज येऊन त्वचा घटकाभर गुळगुळीत दिसते आणि मग पूर्ववत होते. रेडिओलहरी व ध्वनिलहरी यांच्या यंत्रांचा परिणामही बहुधा अल्प व तात्पुरता असतो. ‘चरबी विरघळविणारी’ म्हणून जी इंजेक्शने दिली जातात त्यांच्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 साली अशा दाव्यांची जाहिरात करणाऱ्या दवाखान्यांना ताकीद दिली होती. पुढे त्यांतील एका औषधाला 2015 साली मंजुरी मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीपुरती. मांड्यांचा त्यात उल्लेख नाही.

ज्या इलाजाला शरीररचनेचा आधार आहे तो म्हणजे बंध तोडणे. रुग्णेला उभी करून, बाजूने उजेड टाकून, डॉक्टर एकेका खळग्याभोवती पेनाने खूण करतात; ती आडवी झाली की मात्र यांतले पुष्कळसे खळगे नाहीसे होतात, म्हणून ही उभ्याने केलेली खूण महत्त्वाची. मग ती जागा बधिर करून, सुईएवढ्या छिद्रातून बारीक पाते त्वचेखाली काही मिलिमीटर खोलीवर आडवे फिरवून तो खेचणारा बंध कापला जातो. या तत्त्वावरील एका यंत्राला अमेरिकेत 2015 साली मंजुरी मिळाली, आणि त्याचा परिणाम तीन वर्षांपर्यंत टिकल्याचे पाहणीत दिसले. काळेनिळे व्रण, दुखणे आणि कधी गाठी येणे हे सोसावे लागते, आणि सुटेसुटे, खोल खळगे असतील तरच त्याचा उपयोग. सर्वदूर पसरलेली लाटांसारखी त्वचा त्याने सपाट होत नाही.

या प्रकरणाची दुसरी बाजू ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हेच बंध विकराने विरघळवावेत या हेतूने, तळहाताच्या आखडलेल्या तंतूंवर आधीच वापरात असलेले एक इंजेक्शन सेल्युलाइटसाठी सिद्ध करण्यात आले, आणि जुलै 2020 मध्ये ‘क्वो’ या नावाने त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून आठशेहून अधिक स्त्रिया होत्या. नितंबावर दोन श्रेणींची सुधारणा झाली असे डॉक्टर आणि स्त्री या दोघांच्याही मते ठरले, अशा स्त्रिया एका चाचणीत 7.6 टक्के व दुसरीत 5.6 टक्के निघाल्या. निव्वळ द्रावण टोचलेल्या गटांत हेच प्रमाण 1.9 व 0.5 टक्के होते. औषधाचा गुण होता, यात संशय नाही, पण तो किती जणींना आला हे आकडेच सांगतात. इंजेक्शनानंतर उमटणारे मोठे व्रण आणि त्वचेवर दीर्घकाळ राहणारे डाग यांमुळे डिसेंबर 2022 मध्ये कंपनीनेच त्याचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. मंजुरी मिळाली म्हणजे गुण येणारच, हा समज किती अपुरा आहे ते यावरून कळावे. यंत्रांच्या बाबतीत तर पुष्कळदा आधीच्या यंत्राशी सारखेपणा दाखविला की परवाना मिळतो. नव्या औषधाप्रमाणे मोठ्या चाचण्यांची अट तेथे सरसकट नसते.

उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे हा पुरावा नव्हे. उजेड बाजूने आला की प्रत्येक खळग्यात सावली पडते, समोरून आला की ती पुसली जाते. टाच थोडी उचलून स्नायू ताणला तरी चित्र पालटते. दोन्ही छायाचित्रांतील अंतर, उजेड आणि उभे राहण्याची ढब एकच आहे की नाही, हे ज्याला तपासता येते त्यानेच त्यांच्यावर विसंबावे.

रोग दूर करणे आणि रूप पालटणे यांतील भेद आपल्या कायद्याने जाणलेला आहे. पुण्याजवळच्या एका कुंभाराने टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसविल्याची कैफियत ऑक्टोबर 1794 च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनला छापली गेली, आणि तिने युरोपातील शल्यविद्येला नवी दिशा दिली. हरपलेले परत मिळवून देणाऱ्या त्या विद्येला आजही वस्तू व सेवा करातून सूट आहे. जन्मजात दोष किंवा अपघाती इजा यांखेरीज केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ती सूट नाही, आणि आरोग्यविमाही तिचा खर्च सहसा देत नाही. तेव्हा हप्त्यांवर घेतलेला खर्च शेवटी घरच्याच खिशातून जाणार, हे आधीच धरून चालावे. फसव्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि रुग्णाची संमती पुरेशी माहिती देऊनच घेतली पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली घालून दिला आहे.

कोणाला हे खळगे नको वाटत असतील तर त्यात गैर काही नाही, आणि इलाज करून घेणाऱ्या स्त्रीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझी विनंती एवढीच की, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा, हा उपचार बंधांवर काम करतो की चरबीवर, त्याचा परिणाम किती महिने टिकतो, त्यातून व्रण किंवा डाग राहिल्यास निस्तरण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारावे, आणि उत्तरे तोंडी न घेता लेखी घ्यावीत. ती लिहून देण्यास जेथे टाळाटाळ होईल तेथून तसेच माघारी यावे.