हरल्या, म्हणून काय झालं?

मुलगा सामना हरून घरी आला तर आपण म्हणतो, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी जिंकशील." आणि मुलगी हरून आली तर? "झालं ना समाधान? आता पुरे कर ते खेळणं." आमच्या एटापल्लीकडे कॉलेजच्या मुलीने खेळायला जायचं म्हणजे एसटीचा प्रवास, परगावी मुक्काम, आणि दिवाळीच्या सुमाराला घरी धानाची कापणी. त्यात हरून आली, की तिला घरी बसवायला कारणच मिळतं.

म्हणूनच मैत्रिणींनो, २०२२ सालची एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा भारतात झाली. यजमान म्हणून आपल्या मुलींना त्यात पहिल्यांदाच जागा मिळाली. सामने भुवनेश्वरला होते. अमेरिकेने ८-०, मोरोक्कोने ३-० आणि ब्राझीलने ५-० असं हरवलं. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही करता आला नाही.

कर्णधार होती अस्तम ओरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. आपल्या माडिया-गोंड पोरींसारखीच आदिवासी घरातली. ती कर्णधार झाल्यावर गावात रस्ता व्हायला लागला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजीने राबत होते. पुण्याची काजोल डिसोझाही याच संघात होती.

नुसता आकडा पाहिला तर वाटेल, काय ही फजिती! पण त्यामागचं कोण बघणार? खरं तर ही स्पर्धा भारतात २०२० सालीच व्हायची होती. करोनामुळे ती रद्द झाली आणि तेव्हाच्या कितीतरी मुली न खेळताच वयाबाहेर गेल्या. २०२२च्या जुलैमध्ये परदेश दौऱ्यातल्या गैरवर्तनाच्या आरोपावरून एका सहायक प्रशिक्षकाला काढावं लागलं. ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं. स्पर्धा इथे होणार की नाही, तेच काही दिवस कळेना. एवढं सगळं सोसून या पोरी मैदानात उतरल्या. मोरोक्कोविरुद्ध तर मध्यंतरापर्यंत त्यांनी एकही गोल होऊ दिला नव्हता!

पुढे काय झालं? २०२५च्या ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील भारतीय मुलींनी उझबेकिस्तानला २-१ असं हरवलं आणि आशियाई चषक स्पर्धेत जागा मिळवली. या वेळी यजमान म्हणून नव्हे, खेळून. मुली नव्या होत्या, पण सोळा गोल खाल्ले म्हणून मुलींचं फुटबॉल बंद केलं असतं, तर हा दिवस दिसला असता का?

आईने प्रश्न जरूर विचारावेत. सोबत कोण जाणार? बाई शिक्षिका आहेत का? मुक्काम कुठे? कुणी वावगं वागलं तर मुलीने कुणाला सांगायचं? हे विचारायलाच हवं. पण ती हरून आली, तर "किती गोलने हरलीस?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. आधी तिला गरम भात वाढावा. आणि मग सहज विचारावं, "पुढचा सामना कधी आहे गं?"

तेवढ्या एका वाक्याने ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाईल.