साबुदाण्याच्या कंदाचं आंबट तोंडीलावणं

उपासाचा साबुदाणा ज्या कसावा कंदापासून होतो, त्याला कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर युका म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तिथे त्याचं ‘युका एन एस्काबेचे’ करतात.

करण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. हा कंद कच्चा कधीच खायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात. कडू जातीचा तर नुसता उकडूनही चालत नाही, म्हणून गोड जातीचाच घ्यायचा. वरची जाड साल आणि तिच्याखालची पांढरी-गुलाबी साल, दोन्ही काढायच्या. तुकडे भरपूर पाण्यात मीठ घालून, झाकण न ठेवता, अर्धा तास तरी शिजवायचे. सुरी सहज आत गेली पाहिजे. पाणी फेकून द्यायचं, आमटीला वापरायचं नाही! मधली दोरीसारखी शीर काढायची. तरीही कडू लागला, तर सरळ टाकून द्या.

किलोभर कंदाला दोन कांद्यांच्या चकत्या, लसूण, तमालपत्र, अख्खी मिरी हे वाटीभर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर ठेवायचं. कांदा मऊ व्हावा, लाल नको. त्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून कोमट असतानाच कंदावर ओतायचं आणि फ्रिजमध्ये रात्रभर मुरू द्यायचं. आपल्या लोणच्यासारखं हे वर्षभर टिकत नाही, तीन-चार दिवसांत संपवायचं.