विचारायचं कुणाला?

ॲक्च्युअरीच्या परीक्षेला जे पिवळं पुस्तक लागतं, सूत्रांचं आणि तक्त्यांचं, ते इंग्लंडात तयार झालेलं आहे. 2006 च्या पावसाळ्यात ते हुबळी-धारवाडमधल्या नवनगरला माझ्या हाती आलं. त्यातला मृत्युदराचा मुख्य तक्ता एएम92, म्हणजे 1991 ते 94 या वर्षांतल्या ब्रिटिश विमेदारांचा अनुभव. चाळीस वर्षांच्या माणसाला हयातभर वर्षारंभी एक पौंड द्यायचा असेल आणि व्याज 4 टक्के धरलं, तर आज किती रक्कम बाजूला ठेवावी लागेल? 20.005 पौंड. हा आकडा मला अजून पाठ आहे. हुबळी-धारवाडच्या चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा त्या पुस्तकात नव्हता.

विमा आणि निवृत्तिवेतन देणाऱ्यांना उद्याची देणी आज मोजून ठेवणारा माणूस लागतो, तो ॲक्च्युअरी. आमच्या पिढीला हा शब्द ऐकू आला तो विमाक्षेत्र 2000 साली खासगी कंपन्यांना खुलं झाल्यावर. 1944 साली स्थापन झालेली ॲक्च्युअरियल सोसायटी 1989 पासून आपल्या परीक्षा घेत होती. 2006 च्या कायद्याने तिची इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया झाली. तरी अभ्यासक्रमाचा साचा लंडनचाच राहिला: सीटी1 वित्तीय गणित, सीटी3 संभाव्यता, सीटी5 आयुर्विम्याचं गणित, असा सगळा क्रम. पुस्तकातल्या उदाहरणांत पौंड, करांचे नियम तिकडचे, निवृत्तिवेतनाच्या योजनाही तिकडच्याच. परदेशात न जाता परदेशी शिक्षण घेण्याचा हा प्रकार होता, आणि वर्ग नावाची गोष्ट त्यात नव्हती.

ही अडचण आमच्यापासून सुरू झाली नाही. ॲक्च्युअरींची लंडनची संस्था 1848 ची, एडिंबराची 1856 ची. हिंदुस्थानात 1912 च्या कायद्याने आयुर्विमा कंपन्यांच्या हप्त्यांच्या दरांवर आणि ठरावीक मुदतीच्या मूल्यांकनावर ॲक्च्युअरीचा दाखला सक्तीचा केला. पुढच्याच वर्षी, 1913 साली, अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. स्वदेशीच्या भावनेतून देशभर अशा कंपन्या उभ्या राहात होत्या. भांडवल गोळा करता येत होतं, एजंट गावोगाव फिरवता येत होते. पण दाखल्यावर सही करणारा माणूस घडायला सातासमुद्रापलीकडची परीक्षा लागत होती, आणि इथे राहून ती देणाऱ्याला शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं.

जनगणनेच्या अहवालांत याचा पुरावा सापडतो. 1901 च्या आकड्यांवरून आयुर्मानाचे तक्ते हार्डी यांनी केले, 1911 चे ॲकलंड यांनी, 1921 चे मिकल यांनी. 1931 चे तक्ते केले एल. एस. वैद्यनाथन यांनी. मुंबईच्या ओरिएंटल कंपनीतला विमेदारांचा मृत्युदरही त्यांनीच अभ्यासला होता. त्या 1931 च्या तक्त्यात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान 27 वर्षंही भरत नाही. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. आमच्या पणजोबांच्या पिढीची मोजदाद त्याच आकड्यांत झालेली आहे. तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. आपल्या माणसांच्या आयुष्याचा हिशेब आपल्यातल्याच कुणीतरी मांडला होता, आणि हे होईपर्यंत किती दशकं गेली होती!

वैद्यनाथन यांच्या हाताशी ओरिएंटलची कागदपत्रं होती, आणि इथेच मेख आहे. या परीक्षा ज्यांनी आखल्या त्यांच्या डोळ्यांसमोर विमा कंपनीत नोकरी करता करता शिकणारा उमेदवार होता. ब्रिटनमध्ये आजही कंपनी त्याला अभ्यासाची रजा देते, ट्यूटोरियलचे पैसे भरते, आणि शेजारच्या टेबलावर परीक्षा पार केलेला वरिष्ठ बसलेला असतो. अडलं की मान वळवून विचारायचं. हे शेजारचं टेबल अभ्यासक्रमात कुठे लिहिलेलं नाही, पण सगळा अभ्यासक्रम ते आहे असं धरून चालतो.

नवनगरात ते नव्हतं. हुबळीत रेल्वेचं मोठं काम, अमरगोळला बाजार समितीचं आवार, नवनगरात कर्करोगाचं रुग्णालय आणि 2009 नंतर कायदा विद्यापीठ. धारवाडला एलआयसीचं विभागीय कार्यालय आहे, तिथे पॉलिसीचं सगळं काम चालतं. पण देण्यांचं मूल्यांकन मुंबईला, मध्यवर्ती कार्यालयात. ॲक्च्युअरी म्हणून काम करणारा एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हता. शेजारच्या एका काकांनी बाबांना विचारलं होतं, ‘‘अहो, मुलगा सीए करतोय ना?’’ बाबांनी हो म्हणून टाकलं.

सुरुवातीचे पेपर तरीही निघाले, आणि त्याचं श्रेय धारवाडला. कर्नाटक विद्यापीठाच्या संख्याशास्त्राच्या परंपरेमुळे मार्कोव्ह साखळ्या आणि पॉयसन प्रक्रिया शिकवू शकणारी माणसं इथे होती. विम्याशी त्यांचा संबंध नव्हता, गणिताशी होता. सीटी4 मला अशाच एका निवृत्त प्राध्यापकांनी समजावून दिला. एकेका सूत्रामागचं गृहीतक ते माझ्याकडून वदवून घेत आणि फीचा विषय काढू देत नसत. बाकी आधार जुन्या प्रश्नपत्रिकांचा, परीक्षकांच्या अहवालांचा आणि आपल्या संस्थेच्या ‘इंडिकेटिव्ह सोल्यूशन्स’चा. परीक्षक अहवालात लिहितात, विद्यार्थी कुठे चुकले आणि काय अपेक्षित होतं. एकट्याने शिकणाऱ्याला तोच गुरुजींचा आवाज. परीक्षेसाठी बेंगळुरू गाठायचं, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने, रात्रभराचा प्रवास करून.

भिंत आली ती सीए1 या पेपरला. तिथे गणित जवळजवळ नाही. एखादी कंपनी नवी पॉलिसी आणतेय, तिच्यातले धोके सांगा. व्याजदर घसरले तर काय कराल. ग्राहकांनी पॉलिसी मधेच सोडल्या तर कुणाचं नुकसान? पुस्तक तोंडपाठ असून भागत नाही. अशी चर्चा मी कधी ऐकलेलीच नव्हती. पॉलिसी बंद पडणं म्हणजे काय, हे मला व्याख्येपुरतं माहीत होतं. विक्री खात्याला कमी हप्ता हवा असतो, ॲक्च्युअरी त्याला अडवतो, आणि मग दोघांना मान्य होईल असं काहीतरी निघतं, हे मला मुंबईत नोकरी लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच कळलं. त्यानंतर तोच अभ्यासक्रम निराळा वाटू लागला. बुद्धी तीच होती, पुस्तकं तीच होती, फक्त विचारायला माणूस मिळाला. लहान गावातला मुलगा पुढच्या पेपरांत अडकला की त्याची तयारी कच्ची म्हणून मोकळे होतात, तेव्हा मला राग येतो तो म्हणूनच.

पुढे बरंच बदललं. 2012 मध्ये प्रवेश परीक्षा आली, मुंबई-पुण्यात क्लास निघाले, व्हिडिओ आले. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात सीएस (संख्याशास्त्र) आणि सीएम (गणित) पेपरांना संगणकावरचा भाग जोडला गेला. संख्याशास्त्राच्या पेपरांना आर ही प्रणाली लागते आणि ती फुकट मिळते; साध्या लॅपटॉपवर नवनगरची मुलगी लंडनच्या मुलीइतकाच सराव करू शकते. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. करोनाच्या काळात घरून परीक्षा देता आली, तेव्हा रात्रीची गाडीही टळली. मृत्युदराचे भारतीय तक्तेही नवे झाले, 2006-08 चे आणि नंतर 2012-14 चे.

शेजारच्या टेबलाची जागा मात्र व्हिडिओ भरून काढत नाहीत. व्हिडिओ उत्तर सांगतो, तुमचं उत्तर वाचत नाही. शिवाय फेलो व्हायला कामाचा अनुभव लागतो, आणि त्यासाठी हुबळी सोडावीच लागते. जे गेले त्यांच्यापैकी आम्ही काही जण आता इथल्या मुलामुलींचे पेपर ऑनलाइन तपासतो. कुणी कन्नड माध्यमातून आलेलं, कुणी मराठी घरातलं, बहुतेक दोन्ही भाषांत लीलया फिरणारी. गणिताचे पेपर आम्ही पाहातही नाही. ते त्यांना आमच्याहून छान येतात. फक्त लेखी उत्तरं मागवतो आणि समासात प्रश्न लिहून परत पाठवतो: हा धोका कुणाच्या अंगावर येईल? भागधारकांच्या की पॉलिसीधारकांच्या? हप्ता वाढवला तर कोण निघून जाईल, आजारी माणूस की धडधाकट? गेल्या खेपेला एका मुलीने त्या समासातच उलट प्रश्न लिहून धाडला: अमरगोळच्या बाजारातल्या हमालांसाठी निवृत्तिवेतनाची योजना करायची तर मृत्युदर कुठल्या तक्त्यातला धरायचा? त्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.