ड्यूटी कॉम्प्युटर लावणार, मग इन्चार्ज सिस्टर काय करणार?

महिन्याची पंचविशी उलटली की वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर आखलेला कागद, पेन्सिल आणि खोडरबर येतं. एम, ई, एन ही तीन अक्षरं आणि ‘ऑफ’, एवढ्यावर अख्खा महिना बसवायचा. एकीला सीएल हवी, दुसरीच्या मुलाची परीक्षा, तिसरी गरोदर म्हणून तिला नाइट नको. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढलं, तेव्हापासून सांगली-मिरज हा दवाखान्यांचा पट्टा. पलीकडे कराड, सातारा. इथल्या दवाखान्यांमध्ये ड्यूटीच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की काही गोष्टी हमखास ऐकू येतात.

‘आमचा चार्ट एक्सेलमध्येच असतो.’
तो फक्त सुबक कागद झाला. डोकं अजून सिस्टरचंच चालतं. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट आणि ऑफ असे चार पर्याय धरले, तर एका सिस्टरचा एक आठवडा १६,३८४ प्रकारे लावता येतो. दोघींचा मिळून २६ कोटींहून जास्त प्रकारे. त्यातले बहुतेक टाकाऊ असतात. चांगले वेचून काढायची गणिती रीत १९७६ सालीच अमेरिकेतल्या ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात छापून आली होती. रीत अशी: काही नियम मोडायचेच नाहीत, उदाहरणार्थ नाइट उतरल्यावर त्याच सकाळी मॉर्निंग नाही. बाकीच्या इच्छा जमतील तेवढ्या पाळायच्या.

‘कॉम्प्युटर आला की कमी सिस्टरमध्ये भागेल.’
हा गैरसमज वॉर्डात नव्हे, वरच्या मजल्यावरच्या व्यवस्थापनात आढळतो, आणि सगळ्यांत महागात पडतो. एखाद्या वॉर्डात मॉर्निंगला ३, इव्हिनिंगला २ आणि नाइटला २ सिस्टर लागतात असं धरा. दिवसाच्या ७, आठवड्याच्या ४९ ड्यूट्या झाल्या. एक सिस्टर आठवड्याला ६ करते. आठ जणी असतील तर ४८ होतात. कुणी आजारी नाही, कुणी रजेवर नाही, तरीही एक ड्यूटी उरतेच, ती कुणाच्या तरी डबल ड्यूटीत जाते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकवणीच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे आणि इतरत्र ५ रुग्णांमागे एक सिस्टर असा आहे. वर रजेसाठी ३० टक्के राखीव. ते राखीव धरलं तर या वॉर्डाला अकरा जणी हव्यात. कॉम्प्युटर तीन जणी पैदा करू शकत नाही. कमी पडतात ते मात्र तो आकड्यात दाखवतो, आणि पदं मागायला हाच कागद कामी येतो. आणि महागात कसा, तर संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२ सालच्या अमेरिकन अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत दिसलं, की सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

‘मशीन पक्षपात करत नाही.’
तुम्ही सांगाल तेवढाच! दिवाळीची सुट्टी ज्येष्ठतेने द्यायची असं भरलं, तर कंत्राटी सिस्टर दरवर्षी दिवाळीत वॉर्डातच. फरक इतकाच, की आता तो नियम लिहिलेला असतो आणि त्यावर भांडता येतं.

‘इन्चार्ज सिस्टरचं काम गेलं.’
ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ च्या पुढे गेली होती. अशा वेळी नदीपलीकडच्या सिस्टर अडकल्या की उरलेल्यांत नवा चार्ट काही मिनिटांत मांडायला कॉम्प्युटर चांगला. पण सलग दुसरी नाइट कुणाला झेपेल, कुणाच्या घरात पाणी शिरलंय, हे त्याला ठाऊक नसतं. तो दोन-तीन पर्याय आणि प्रत्येकात कोणता नियम मोडतो ते पुढे ठेवतो, सही इन्चार्जचीच.

महागडं काही लागत नाही. गूगलचं ‘ओआर-टूल्स’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. जाणकार प्रोग्रॅमर मात्र हवा. पण पहिल्याच महिन्यात कॉम्प्युटरचा चार्ट भिंतीवर लावू नका. आधी मागच्या तीन महिन्यांचे चार्ट भरा आणि कुणाच्या वाट्याला किती नाइट आल्या, तेवढंच मोजा.