साहित्याच्या यादीत राहून गेलेले

आलेख काढणारा ग्नूप्लॉट हा प्रोग्रॅम प्रयोगशाळांमध्ये चांगला परिचयाचा आहे. त्याचा आलेख पीएनजी चित्र म्हणून साठवायचा, तर जीडी ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार आज्ञांचा संच) लागू शकते. जीडीला लिबपीएनजी लागते आणि तिला माहिती दाबून लहान करणारी झेडलिब. हवा असतो एक प्रोग्रॅम, जमवावी लागते सगळी वरात! त्यात एका संगणकावर लिनक्स, दुसऱ्यावर मॅकओएस असले, की फायलींच्या जागा वेगळ्या, आज्ञांचे बारकावे वेगळे.

यावरचा एक उपाय म्हणजे पीकेजीसोर्स. फ्रीबीएसडीच्या 'पोर्ट्स' या संग्रहावरून नेटबीएसडी प्रकल्पात १९९७ साली त्याची सुरुवात झाली. आज तो लिनक्स, मॅकओएस, सोलॅरिस अशा अनेक ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो.

यात प्रत्येक प्रोग्रॅमची जणू पाककृतीच दिलेली असते. मूळ संहिता कोठून आणायची, आधी काय हवे, कोणत्या दुरुस्त्या करायच्या, हे सारे त्यात येते. शिवाय संहितेच्या फायलीचा आकार आणि चेकसम. आणलेल्या फायलीतले एक अक्षर जरी बदललेले असले, तरी चेकसम जुळत नाही आणि काम तेथेच थांबते.

आम्हाला खरी गंमत वाटते ती पुढच्या युक्तीची. विद्यार्थी प्रयोगवहीत 'साहित्य' लिहितो, तेव्हा टेबलावर आधीच असलेली काडेपेटी हमखास विसरतो. प्रोग्रॅमचेही तसेच. पूर्वी कधीतरी बसवलेली लायब्ररी संगणकावर असते, म्हणून ती यादीत लिहायची राहते. येथे सारे बिनबोभाट पार पडते. दुसऱ्याच्या संगणकावर मात्र अडते, आणि चूक कोठे हे शोधण्यात दिवस जातो. म्हणून पीकेजीसोर्स आपण बसवलेल्या सगळ्याच लायब्रऱ्या कंपायलरला दाखवत नाही. यादीतल्या तेवढ्याच एका वेगळ्या फोल्डरात जोडून पुढे ठेवतो. नोंद राहिली असेल, तर ते घडवतानाच उघडे पडते.

संहितेपासून सारे घडवायचे म्हणजे वेळ लागतो. त्यामुळे काही सिस्टिमसाठी तयार पॅकेजेसही मिळतात, आणि दर तीन महिन्यांनी एक स्थिर आवृत्ती निघते. पण अगदी नव्या संगणकावर कृती वाचणारे साधन तरी कोठून आणायचे? त्यासाठी एक छोटी आज्ञावली आहे. ती संगणकावरचा सी भाषेचा कंपायलर वापरून आधी स्वतःचे 'मेक' घडवते, आणि मग बाकीचे त्याच्याकडून करवून घेते.