मुक्काम कोठे, कर कोठे?

'आपण राहता कोठे?' हा प्रश्न आपण नित्य विचारतो आणि त्याचे उत्तर देताना कोणालाही फारसा विचार करावा लागत नाही. प्राप्तिकराच्या कायद्यात मात्र याच साध्या प्रश्नावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. याचे कारण उघड आहे. माणूस एका देशाचा नागरिक, त्याची नोकरी दुसऱ्या देशात, बायकामुले तिसऱ्या ठिकाणी आणि साठवलेला पैसा चौथ्या ठिकाणी, अशी स्थिती आज दुर्मिळ राहिलेली नाही. बंगळूरसारख्या शहरात तर एकेका इमारतीत अशी पाचदहा कुटुंबे सहज सापडतील. अशा माणसाकडे कर मागण्याचा हक्क कोणत्या राज्याचा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

राज्यसंस्था दोन नात्यांनी कर मागते. पहिले नाते माणसाशी: तू आमच्या छायेत राहतोस, आमचे रस्ते, न्यायालये, संरक्षण यांचा लाभ घेतोस, म्हणून तुझ्या साऱ्या उत्पन्नाचा वाटा आम्हांला दे. दुसरे नाते उत्पन्नाच्या उगमाशी: तू कोठेही राहा, हा पैसा आमच्या भूमीत निर्माण झाला, म्हणून त्यापुरता वाटा आम्हांला दे. भारताचा कायदा ही दोन्ही नाती मानतो. जो निवासी ठरतो त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर येथे कर लागतो. जो अनिवासी ठरतो त्याच्या केवळ भारतातील उत्पन्नावर लागतो. म्हणून 'निवासी' या एका शब्दावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो.

पुष्कळांचा असा समज असतो की, भारताचे पारपत्र जवळ असले म्हणजे माणूस करापुरताही भारताचा. हे खरे नव्हे. अमेरिका आपल्या नागरिकाकडे, तो जगाच्या पाठीवर कोठेही असो, कराचे विवरणपत्र मागते. त्यामुळे तेथे जन्मलेली मुले आईवडिलांबरोबर बंगळूरला परत आली तरी ते बंधन त्यांच्यामागे येते. भारताचा नियम सामान्यतः असा नाही. आपल्याकडे मुख्य कसोटी आहे ती दिवसांच्या मोजणीची. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने ती घालून दिली, आणि १ एप्रिल २०२६ हा ज्याच्या अंमलाचा आरंभदिन ठरला त्या २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती तत्त्वतः कायम ठेवली. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस जो भारतात राहिला, तो निवासी. त्याहून कमी, परंतु ६० किंवा अधिक दिवस राहिला आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ किंवा अधिक दिवस येथे होता, तरीही तो निवासी. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला मात्र त्या वर्षापुरती साठ दिवसांची ही दुसरी अट लागू होत नाही. त्याच्यासाठी १८२ दिवसांचीच मर्यादा धरतात.

या मोजणीत काय सामर्थ्य आहे ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. बंगळूरच्या एकाच कचेरीतले दोन अभियंते दुबईला नोकरीस निघाले. पहिल्याने २५ सप्टेंबरला देश सोडला. १ एप्रिलपासून त्याचे भारतातले दिवस भरतात १७८. तो त्या वर्षी अनिवासी ठरला. दुबईच्या पगाराशी भारताच्या करखात्याचा संबंध उरला नाही. दुसऱ्याच्या घरी काही कार्य होते, म्हणून तो ५ ऑक्टोबरला निघाला. त्याचे दिवस झाले १८८. तो निवासी ठरला, आणि करारातील तरतुदी क्षणभर बाजूला ठेवल्या तर, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा त्याचा दुबईचा पगार भारतात करपात्र झाला. दोघांची नोकरी सारखी, पगार सारखा. अंतर पडले ते अवघ्या दहा दिवसांचे. दुबईत पगारावर कर नाही, म्हणून तेथे भरलेल्या कराची वजावट मागण्याचाही मार्ग दुसऱ्याला नाही.

परतणाऱ्याच्या बाबतीत कायदा थोडा उदार आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस जो भारतात होता, त्याला परतल्यावर काही काळ एक मधला दर्जा मिळतो. तो निवासी खरा, पण 'सामान्यतः निवासी' नव्हे. या काळात त्याच्या परदेशातील उत्पन्नावर, ते येथून चालविलेल्या धंद्याचे नसेल तर, कर लागत नाही. बारापंधरा वर्षे परदेशी काढून घरी येणाऱ्या कुटुंबाला तिकडची देणीघेणी निस्तरण्यास यामुळे दोनतीन वर्षांची सवड मिळते. ही सवड कित्येकांना ठाऊकच नसते.

दिवस मोजण्याच्या पद्धतीत एक पळवाटही होती. वर्षभर कोणत्याच देशात पुरेसे दिवस न राहता फिरत राहिले की माणूस कोठलाच निवासी ठरत नसे. २०२० साली भारताने ही वाट बऱ्याच अंशी बंद केली. ज्या भारतीय नागरिकाचे परदेशी उत्पन्न वगळून उरलेले उत्पन्न पंधरा लाख रुपयांहून अधिक आहे आणि जो अन्य कोणत्याही देशात निवासाच्या नात्याने करास पात्र नाही, तो भारताचा निवासी मानला जाईल, असे ठरले. त्या वेळी आखातात कष्ट करणाऱ्या हजारो कुटुंबांत घबराट उडाली. रत्नागिरी-रायगडकडच्या गावांना तर ती विशेष जाणवण्याजोगी होती. तेव्हा सरकारने २ फेब्रुवारी २०२० रोजी खुलासा केला की, तेथे प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्याच्या तेथील कमाईवर हा कर नाही. त्याच वर्षी महामारीने विमाने थांबली आणि परदेशवासी येथे अडकून पडले. तेव्हा सक्तीच्या मुक्कामातील काही दिवस मोजणीतून वगळण्याचे परिपत्रकही मे महिन्यात निघाले.

आता दोन देशांनी एकाच माणसाला 'तू आमचा' म्हटले तर काय? असे नेहमी घडते. आपले वर्ष एप्रिलचे, अमेरिकेचे जानेवारीचे, ब्रिटनचे ६ एप्रिलचे. आणि प्रत्येकाची मोजणी निराळी. अशा प्रसंगी देशादेशांतले दुहेरी कर टाळण्याचे करार उपयोगी पडतात. भारताचे असे करार नव्वदांहून अधिक देशांशी आहेत. त्यांतील बहुतेकांत क्रमाने विचारले जाते: या माणसाचे कायमचे घर कोठे आहे? दोन्हीकडे असेल तर त्याचे कौटुंबिक व आर्थिक संबंध कोठे अधिक जवळचे आहेत? तेही न ठरले तर त्याचा नेहमीचा वावर कोठे असतो? आणि मग शेवटी, तो नागरिक कोणाचा? पाहा, नागरिकत्वाचा प्रश्न येथे घर आणि कुटुंब यांच्या पाठीमागून येतो.

माणसाचे असे ठरते. पण कंपनीला ना घर, ना कुटुंब. ती राहते कोठे? या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्याच देशातील तागाच्या गिरणीशी निगडित आहे. १८७६ साली इंग्लंडच्या न्यायालयापुढे कलकत्ता ज्यूट मिल्स या कंपनीचा खटला आला. गिरणी बंगालची, ताग बंगालचा, श्रम करणारे हात येथले; परंतु संचालक मंडळ लंडनला बसे. न्यायालयाने कंपनी इंग्लंडची निवासी ठरवली. पुढे १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींची कंपनी डी बीअर्स हिच्या खटल्यात हेच तत्त्व पक्के झाले: जेथून कारभाराची खरी सूत्रे हलतात तेथे कंपनी राहते.

भारतात नोंदलेली कंपनी येथली निवासी, हे सरळ आहे. परदेशात नोंदलेली कंपनी मात्र पूर्वी तिचे नियंत्रण संपूर्णपणे भारतात असेल तरच निवासी ठरे. त्यामुळे संचालकांची एखादी बैठक परदेशात घेतली की काम भागे. २०१५ मध्ये कायदा बदलला आणि खरे व्यवस्थापन वस्तुतः जेथून होते ते स्थान पाहावयाचे, असे ठरले. त्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०१७ मध्ये निघाली. ज्या तत्त्वाने एके काळी बंगालच्या गिरणीचा कर लंडनला नेला, तेच तत्त्व आता भारताच्या हाती आले आहे.

याचे आजचे सर्वांत बोलके उदाहरण बंगळूरचेच आहे. फ्लिपकार्ट ही २००७ साली या शहरात सुरू झालेली कंपनी. तिची मालकी सिंगापूरमधील एका कंपनीकडे होती, आणि त्या कंपनीचे काही भाग टायगर ग्लोबल या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेच्या मॉरिशसमधील कंपन्यांकडे. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतली तेव्हा त्या कंपन्यांनी आपले भाग विकले. नफ्याचे मूळ बंगळूरच्या धंद्यात, विक्री सिंगापूरच्या भागांची, विकणारा मॉरिशसचा. मॉरिशसशी झालेल्या १९८२ च्या करारानुसार हा नफा भारतात करमुक्त आहे, असे विक्रेत्यांचे म्हणणे, आणि निवासाचा मॉरिशस सरकारचा दाखला हा त्यांचा पुरावा. २०२० मध्ये आगाऊ निर्णय देणाऱ्या प्राधिकरणाने त्यांचे म्हणणे नाकारले, २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते मान्य केले, आणि जानेवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल करखात्याच्या बाजूने दिला. केवळ दाखला पुरेसा नाही. त्यामागील व्यवहार खरा आहे की कर चुकविण्यासाठी रचलेला आहे, हे पाहता येते, असा त्याचा आशय आहे.

याचा अर्थ करार निरुपयोगी झाले असा मात्र नव्हे. परदेशी कंपन्यांकडून संगणकाच्या आज्ञावली विकत घेणाऱ्या भारतीय कंपन्यांनी त्या किमतीतून कर कापून घ्यावा की नाही, हा वाद बंगळूरहूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०११ मध्ये कर कापावा असे म्हटले. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कराराच्या शब्दांनुसार ही किंमत म्हणजे स्वामित्वधन नव्हे, म्हणून ती देणाऱ्याने कर कापण्याचे कारण नाही, असे ठरले. पहिल्या निकालात सरकार जिंकले, दुसऱ्यात करदाता. दोहोंतून एकच गोष्ट दिसते. न्यायालय वस्तुस्थिती पाहते आणि कराराचा शब्दही पाहते.

हा वारा आता कंपन्यांनाही उमगू लागला आहे. फोनपे या बंगळूरच्या कंपनीने २०२२ मध्ये आपले ठाणे सिंगापूरहून भारतात आणले. त्यापायी तिच्या भागधारकांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला, असे तिच्या प्रमुखांनीच सांगितले. मोठ्या कंपन्यांना अशी किंमत देऊन घर बदलता येते, आणि सल्ला देणारे जाणकारही त्यांच्या पदरी असतात. पगारावर जगणाऱ्या माणसाजवळ यांतले काहीच नसते. वर्षाअखेरी आलेली एखादी नोटीस त्याच्या घरखर्चाची घडी विसकटून टाकू शकते.

म्हणून अशा माणसाने काही साध्या गोष्टी कराव्यात. पारपत्रावरील शिक्के आणि प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत. जाण्यायेण्याची तारीख ठरविताना विमानभाड्याबरोबर १८२ या आकड्याकडेही पाहावे, आणि हिशेब अगदी काठावर ठेवू नये. कारण येण्याचा व जाण्याचा दिवस मोजावा की नाही यावरही वाद झालेले आहेत. परदेशात कर भरला असेल तर त्याची पावती आणि तेथील निवासाचा दाखला वेळीच मिळवावा, म्हणजे तोच रुपया दोनदा करास बळी पडत नाही. आपल्या वास्तव्याचा खरा हिशेब ज्याच्याजवळ आहे, त्याला कोणत्याही देशाच्या करखात्यासमोर निर्धास्तपणे उभे राहता येते.