नशा सुटते आणि दाढ दुखू लागते

गर्द सोडून चार-पाच दिवस झालेला माणूस गाल धरून बसतो आणि म्हणतो, दाढ ठणकतेय. घरच्यांना ते खरं वाटत नाही. पैशांसाठी इतके बहाणे ऐकून झालेले असतात की हाही त्यातलाच एक, असं ते धरून चालतात. पण हे दुखणं बहुधा खरं असतं. गर्द म्हणजे भेसळीचं हेरॉइन, मूळ अफूचं, आणि अफूचा गुणच वेदना दाबण्याचा. दाढ कितीतरी दिवस किडत असते, फक्त कळत नसतं. नशा थांबली की सगळं एकदम कळतं.

मुंबईच्या नायगावला हा विषय परका नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, हजारो घरांची चूल थंडावली आणि त्याच दशकात मुंबईत गर्दचा फैलाव झाला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते याच लाटेत. आता गर्दच्या जोडीला एमडी, म्हणजे मेफेड्रोन, आहे. तंबाखू-चुना तर गिरणीच्या भोंग्याइतकाच जुना.

दात बिघडतात कसे, हे समजायला आधी लाळेकडे बघावं लागतं. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. आपण गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लात दाताचं वरचं कठीण आवरण विरघळू लागतं. लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि विरघळलेलं कॅल्शियम थोडंथोडं परत बसवते. ही डागडुजी दिवसभर चालू असते. गर्दने लाळ कमी होते, गोडाची ओढ वाढते आणि ब्रश हातात धरण्याची शुद्ध नसते. नुकसान चालू राहतं, दुरुस्ती बंद पडते.

अशा तोंडातली कीड जागेवरूनही ओळखू येते. एरवी कीड दाढेच्या खाचेत किंवा दोन दातांच्या फटीत सुरू होते. इथे ती दाताच्या गुळगुळीत पुढच्या बाजूला, हिरडीलगत दिसते. आधी खडूसारखा पांढरा पट्टा, मग तपकिरी, मग काळा आणि मऊ. एक दिवस चपातीचा तुकडा तोडताना दात तिथूनच मोडतो आणि हिरडीत नुसतं मूळ उरतं.

एमडीची तऱ्हा वेगळी. तोंड कोरडं पडतंच, शिवाय जबडा आवळला जातो. रात्र रात्र दातावर दात घासले जातात, दाढांची टोकं सपाट होतात, काहींना तडे जातात. कोरड घालवायला वर थंड पेयाच्या बाटल्या रिचवल्या जातात, म्हणजे साखर आणि आम्ल दोन्ही.

सुपारी आणि गुटख्याचा त्रास आणखी निराळा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, पण सुपारी आहेच. तिने गालाची आतली कातडी ताठ होत जाते. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दाखवायला उशीर करू नका, कारण ही स्थिती कर्करोगाच्या वाटेवरची आहे. शिवाय तोंडच उघडलं नाही तर मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरांचं हत्यार पोचणार कसं?

उपचार व्यसनमुक्तीच्या सोबतच सुरू व्हावेत, सगळं आटोपल्यावर नव्हे. दाढेच्या ठणक्याने झोप उडालेला माणूस पुन्हा पुडीकडे वळतो. पहिल्या टप्प्यात फक्त वेदना आणि पू थांबवायचा. मोठी कामं, म्हणजे रूट कॅनाल, कॅप, कवळी, माणूस जरा स्थिरावल्यावर. नायगावकरांना परळचं केईएम जवळ आहे, दातांसाठी मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. सुरुवात कुठून करावी ते समजत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६.

दातांच्या डॉक्टरांपासून मात्र काही लपवू नये. बधिर करण्याच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रिनलिन असतं. एमडी घेतलेल्या शरीरात ते हृदयावर ताण आणू शकतं. दारूने यकृत बिघडलेलं असेल तर दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. व्यसनमुक्तीसाठी देतात ते नालट्रेक्सोन चालू असेल तर अफूच्या जातीची वेदनाशामकं लागूच पडत नाहीत. व्यसनातून उठणाऱ्याला ती, अगदी ट्रामाडॉलही, शक्यतो नकोच. दातदुखीला बहुतेकदा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल पुरतं. पोट, मूत्रपिंड, यकृत बघून ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गर्दच्या व्यसनावर देतात त्या, जिभेखाली विरघळवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीने दात किडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२२मध्ये दिला. पण म्हणून गोळी सोडायची नाही. ती माणसाला जगवते. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याचा मोठा घोट हळू खुळखुळवून गिळायचा आणि ब्रश तासाभराने करायचा. फ्लोराइडची पेस्ट रोज दोनदा, आणि ब्रशनंतर लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं. अल्कोहोल असलेला माउथवॉश घरातच नको.

डॉक्टर आधी दाढ बघतात, शास्त्र तसंच आहे. पण एक आग्रह धरावासा वाटतो: पुढचा दात गेला असेल तर तात्पुरता तरी लवकर बसवून द्यावा. व्यसन सोडलेल्याला नोकरी मागायला जायचं असतं, मुलाच्या शाळेत पालकसभेला बसायचं असतं, आणि तिथे तो तोंडावर हात ठेवून बोलला की समोरच्याला वाटतं, हा अजून पितो.